धाब्याचे घर मोडण्याआधी जरा थांबा

धरणगाव तालुक्यात उन्हाळ्याच्या दिवसांत कुठल्याही गावात फेरी मारली, तर एखाद्या तरी गल्लीत जुने धाब्याचे घर उतरवण्याचे काम चालू दिसते. सागवानी खांब, तुळया, नक्षीची चौकट बाहेर रचलेली असते आणि लाकडाचा व्यापारी सगळ्याचा मिळून एक भाव सांगत असतो. घरमालकाला विचारले तर उत्तर ठरलेले. "भाऊ, काय ठेवलंय त्या मातीत? पत्रे टाकले म्हणजे सुटलो."

तीच चौकट पुढे शहरातल्या बंगल्याला नाही तर 'गावरान' जेवणाच्या हॉटेलाला लागते. तिथे पैसे मोजून भिंतीला मातीचा रंग देतात, जाते मांडतात, कंदील टांगतात. आपल्याकडे हे सगळे घरचे आहे, आणि आपणच ते भंगारात घालतो. मग मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की पत्र्याखाली दुपारी बसवत नाही. जाड मातीच्या भिंती आणि धाबे ऊन उशिरा आत सोडतात, म्हणून भर दुपारीही आत गारवा राहतो. खान्देशात घरपण म्हणजे आधी हा गारवा. तो राखून घर देखणे कसे करता येईल, ते पाहू.

आधी छत, मग सजावट

रंगरंगोटीच्या आधी वर चढून धाबे बघा. दर पावसाळ्याआधी वर नवी माती टाकायची आपली रीत आहे, पण खालची जुनी माती कोणी काढत नाही. थर वाढत जातो. हिशेब करा. १० बाय १० फुटांच्या खोलीवर १ फूट माती म्हणजे १०० घनफूट. तिचे वजन सुमारे साडेचार टन, म्हणजे सिमेंटच्या ९० गोण्या डोक्यावर ठेवल्यासारखे. माती भिजली की वजन आणखी वाढते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली, ती बहुतेक दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवद अंगावर येऊन. आपले धाबे त्याच जातीचे आहे, हे विसरून चालणार नाही.

म्हणून जुनी माती काढा आणि थर आठ इंचांच्या वर जाऊ देऊ नका. माती सगळीकडून सारखी उतरवा, एका बाजूला ढीग करू नका. थराच्या मध्ये जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरला तर गळती थांबते. उतार पन्हळीकडे ठेवा. वर पांढरी मातीच टाका. शेतातली काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की भेगाळते, ती छताला चालत नाही. तुळईला पहारीचे टोक लावून पाहा. लाकूड आतून पोकळ लागले किंवा भिंत कलली असेल, तर जाणत्या सुताराला आणि गवंड्याला दाखवा. तोवर त्या खोलीत कोणी झोपू नये.

भिंतीला तिचाच माल

मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा किंवा ऑइलपेंट लावू नका. भिंतीतली ओल बाहेर पडायला जागा राहत नाही आणि दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. माती, गव्हाचे भूस आणि शेण एकत्र कालवून चार-पाच दिवस भिजत ठेवा, रोज तुडवा, मग लिंपा. भुसामुळे भेगा कमी पडतात. विंचू-सापाला जागा होणारी भोके याच वेळी बुजवा.

लिंपण वाळल्यावर चुना. कळीचा चुना रात्रभर भिजवून कापडातून गाळा, थोडा डिंक घाला आणि पातळ दोन हात द्या. चुना विझवताना उकळतो, तेव्हा पोरांना लांब ठेवा, डोळे सांभाळा. खाली वीतभर गेरूचा पट्टा ओढला की घर उठून दिसते. आखाजीला लेकी माहेरी येतात, श्रावणात कानबाई बसते. या दोन सणांच्या आधी घर सारवण्या-रंगवण्याची आपली चाल आहेच, तीच चालू ठेवा. लाकडाला रंग न देता जवसाचे तेल चोळले तर सागाचा मूळ रंग खुलतो.

घरातले घरातच ठेवा

घरोट, पाटा-वरवंटा, पितळी हंडे, कणगी, जुनी तिफण. यातले काहीही भंगारवाल्याला देऊ नका. घरोट ओट्याच्या कोपऱ्यात मांडा. कोनाड्यात समई ठेवा. जळगावच्या चौधरी वाड्यात बहिणाबाई चौधरींच्या वापरातल्या वस्तू जपल्या आहेत, त्या पाहायला लोक लांबून येतात. त्या वस्तू साध्या शेतकरी घरातल्याच आहेत.

एवढे मात्र टाळा

फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा धुऊन त्यात तुळस लावलेली किंवा पाणी भरलेले दिसते. हे करू नका. धुतला तरी विषाचा अंश राहतो. वाळवीसाठी कपाशीचे उरलेले औषध घरात मारणे तर जिवाशी खेळ आहे. दुसरे, आडोशाला पऱ्हाट्यांचा कूड घालू नका आणि घराला लागून त्यांची गंजी रचू नका. उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात शेतात जाते. २०१७ साली तिने कपाशीचे काय केले ते सर्वांना आठवते. कुडाला तुराट्या किंवा बांबू वापरा आणि वरून लिंपा.

घरकुलातही गावपण

पंतप्रधान आवास योजनेत (ग्रामीण) नवे घर बांधणाऱ्यांसाठीही काही गोष्टी आहेत. कोनाडे आणि देवळी हवी असेल, तर भिंत उठण्याआधी गवंड्याला सांगा, नंतर फोडाफोडी होते. दारासमोर दोन हात ओटा ठेवा. जुन्या घराची चौकट मापात बसत असेल तर तीच लावा. स्लॅबवर किंवा पत्र्यावर उन्हाळ्याआधी चुन्याचा पांढरा हात दिला तर आतली उष्णता कमी होते. सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यांनी लाभार्थ्यांच्या बैठकीत एवढे सांगितले, तरी खूप झाले.

ज्यांचे घर शेतात आहे आणि पाहुण्यांची सोय करता येते, त्यांनी राज्याचे २०२० चे कृषी पर्यटन धोरण समजून घ्यावे. नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. शहरचा पाहुणा सारवलेल्या ओट्यावर बसून कळण्याची भाकरी खायला येतो. फरशी आणि पत्रे त्याच्या घरी आहेतच.

सगळीच जुनी घरे वाचवता येणार नाहीत. जे धोक्याचे आहे ते उतरवावेच लागेल. पण व्यापाऱ्याला होकार देण्याआधी एकदा धाब्यावर चढून माती मोजा, तुळया ठोकून पाहा आणि घरातल्या बायामाणसांना विचारा. उन्हाळ्याची दुपार त्यांनाच त्या छताखाली काढायची असते.