स्मिथची टोपी आणि पस्तीस मिनिटे

रविवारी दुपारी इच्छापोरच्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर कात्री, डिंक आणि झेरॉक्सचा गठ्ठा पडलेला असतो. समोर बाई बसतात. सुरतेतल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत त्या इतिहास शिकवतात. त्यांचे माहेर शिरपूरकडचे आणि वर्गातली बहुतेक मुलेही खानदेशातून आलेल्या घरांतली. मी निवृत्त माणूस, जुन्या कागदांचा नाद असलेला. बाईंना एका तासापुरते अस्सल कागद बेतून द्यायचे, एवढेच माझे काम. तास पस्तीस मिनिटांचा. त्यातली पाच हजेरीत जातात.

या खेपेला विषय होता १६६४ची सुरत, शिवाजी महाराजांच्या स्वारीतली. तो पुण्यात शिकवणे वेगळे आणि इथे वेगळे. घरी आजोबा ‘सुरत बेसुरत केली’ असे मिशीवर हात फिरवत सांगतात आणि खालच्या मजल्यावरच्या गुजराती मित्राकडे त्याच गोष्टीला नुसते ‘लूंट’ म्हणतात. मूल दोन्ही ऐकते आणि वर्गात गप्प बसते. “काका, मी बोलले की ते माझं मत होतं,” बाई म्हणाल्या. “कागदालाच बोलू दे.”

कागद आपणहून बोलत नाही. तो आधी कापावा लागतो.

१९३१ साली पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने शिवाजी महाराजांविषयीचे इंग्रजी कागद एकत्र छापले. इंग्रजांचे म्हणणे शोधायचे तर आम्ही आधी तिकडे वळतो. पण यावेळचा मुख्य ऐवज म्हणजे इंग्रज वखारीचा पाद्री जॉन लेस्कॅलियट याचे पत्र. स्वारीनंतर तीन आठवड्यांच्या आत, २६ जानेवारीला, त्याने ते सर थॉमस ब्राउन या विलायतेतल्या विद्वानाला लिहिले. पत्र लांबलचक आहे आणि वर्गाला झेपतात फार तर आठ ओळी. कुठल्या? बाईंना जळते शहर हवे होते, मला अँथनी स्मिथ.

स्मिथ हा मराठ्यांच्या हाती सापडलेला इंग्रज. सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला होता. बोलणी करण्याच्या निमित्ताने त्याने पाठवलेल्या माणसाने छावणीत महाराजांवर खंजिराने वार करायचा प्रयत्न केला. मग कैद्यांचे हात आणि मुंडकी तुटू लागली. स्मिथची पाळी आली, उजवा हात तोडायचा हुकूम झाला. तेव्हा तो हिंदुस्थानी बोलीत ओरडला, की त्यापेक्षा माझे डोकेच मारा. त्यासाठी त्याची टोपी काढली आणि महाराजांनी शिक्षा थांबवली. एवढ्या आठ ओळींत क्रौर्यही आहे आणि थांबलेला हातही. कुणाच्याही आजोबांची गोष्ट त्यात सबंध बसत नाही, म्हणून मला त्या हव्या होत्या. बाईंनी वाचल्या आणि जळत्या शहराची पट्टी मुकाट्याने बाजूला सारली.

पण मी कचऱ्यात टाकलेला एक तुकडा त्यांनी उचलून परत चिकटवला. त्यात महाराजांचे वर्णन आहे: बांधा ताठ आणि प्रमाणबद्ध, बोलताना हसल्यासारखा चेहरा, नजर चपळ आणि भेदक. मला ते नेहमीचे वाटले होते. बाईंनी बोट ठेवले ते वर्णनाच्या आधीच्या चार शब्दांवर. ज्यांनी त्यांना पाहिले ते असे सांगतात, असे पाद्री लिहितो. म्हणजे याने स्वतः पाहिलेलेच नाही! त्यात उंचीसाठी त्याने ‘मीन’ हा शब्द वापरला आहे. आजच्या कोशात त्याचा ‘क्षुद्र’ असाही अर्थ निघतो, तेव्हा इथे तो ‘मध्यम’ असाच होता. या एका शब्दावर आमचा एक चहा गार झाला. नाव मात्र आम्ही त्याच्याच उच्चाराने ‘सेवाजी’ ठेवले. “मुलं म्हणतील, बाई, स्पेलिंग चुकलंय,” बाई हसल्या. “म्हणू देत. तिथूनच तास सुरू होईल.”

तारखेची पट्टी माझी लाडकी. स्वारी सुरतेवर आली तो दिवस इंग्रजांच्या कागदात ६ जानेवारी, वर्ष मात्र कुठे कुठे १६६३, कारण त्यांचे साल २५ मार्चला बदलायचे. डचांची दिनदर्शिका दहा दिवस पुढे, त्यांच्या हिशेबाने तोच दिवस १६ जानेवारी १६६४. आपल्याकडे शके १५८५, पौष. मुले आधी ‘खोटे कोण?’ म्हणून भांडतात. मग एखाद्याच्या लक्षात येते, की वार सगळीकडे बुधवारच आहे.

बाकीचे कागद पटकन उरकले. सभासदाने बखर लिहिली ती तीसेक वर्षांनी, दूर जिंजीत, राजारामांच्या सांगण्यावरून. फ्रेंच प्रवासी बर्नियर कॅपुचिन पाद्री अँब्रोझ याचे घर वाचल्याचे सांगतो, पण तेव्हा तो स्वतः सुरतेत नव्हता. वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्झिंडन याने सुवाळीच्या जहाजांवरचे खलाशी बोलावून वखार राखली, पुढे औरंगजेबाकडून त्याला खिलत मिळाली. आपल्या शौर्याचे वर्णन तो आखडत्या हाताने कशाला करील? सुवाळी इथून हजिऱ्याच्या वाटेवर. ट्रकांच्या रांगेतून मुले तिथे समुद्र बघायला जातात, आणि खलाशी तिथूनच निघाले हे कळले की नकाशावर इच्छापोर शोधू लागतात. ऑक्झिंडनची भलीमोठी कबर कतारगामकडे आहे, महापालिकेची कचेरी असलेली मुघलसराई १६४४ची. स्वारीच्या वेळी ती उभीच होती.

१९९१ साली सॅम वाइनबर्ग या अमेरिकन अभ्यासकाने ८ इतिहासकार आणि ८ शाळकरी मुलांना तेच कागद वाचायला देऊन पाहिले होते. इतिहासकारांची नजर आधी कुणी, केव्हा लिहिले याकडे गेली, मुलांनी मात्र पहिल्या ओळीपासून सरळ वाचत नेले. ते कळल्यापासून मी लिहिणाऱ्याचे नाव ठळक करून वर टाकत असे. बाईंनी ते परत खाली, बारीक अक्षरात न्यायला लावले. आयते वर दिले तर शोधायची सवय लागणार कशी?

संध्याकाळी पाकीट भरले. इंग्रज झाले, डच झाले, फ्रेंच आणि मराठे झाले. ज्याच्या वखारीतला माल गेला तो वीरजी वोरा इतरांच्या कागदांत नुसता उल्लेखापुरता. त्याच्या हमालाचा तर तेवढाही नाही. मला एकदम सुचले, म्हणून एक कोरा कागद वर ठेवला. याच्यावर कोण बोलले असते, ते मुलांना विचारा.

बाईंनी तो दोनदा उलटापालटा केला. “कल्पना चांगली आहे, काका. पण कोऱ्यावर मुलं सिनेमातलं लिहितील, आणि घंटा होईल.” तो काढून त्यांनी टेबलावर ठेवला, स्मिथच्या पट्टीच्या चार प्रती जास्त मागून घेतल्या आणि शेवटची बस गाठायला निघाल्या.