पोहायचं नाही, श्वास घ्यायचा

स्कूबा करायला पोहता यावं लागतं का, हा प्रश्न मालवणच्या धक्क्यावर दर बोटीमागे कुणी ना कुणी विचारतंच. पहिल्या वेळेपुरतं उत्तर सोपं आहे: नाही. मी तर म्हणेन, चांगलं पोहता येत असेल तर पहिली दहा मिनिटं जास्त जड जातात. मी सांगलीची. पाठीला भोपळा बांधून कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकलेली. मुटके मारणं, सूर मारणं, तळाची मूठभर वाळू आणून पैज जिंकणं हे आमच्या पिढीच्या अंगात मुरलेलं. बुडी मारायची म्हणजे छातीभर दम घ्यायचा आणि वर येईपर्यंत सोडायचा नाही, एवढंच आमचं शास्त्र. स्कूबाचा पहिला नियम याच्या नेमका उलटा: श्वास कधीही रोखून धरायचा नाही.

आमच्या प्रशिक्षकाने बोटीत बसल्या बसल्या विचारलं, "काकी, पोवूक येता काय?" मी जरा ऐटीतच हो म्हटलं. तो हसला. "मगे सुरवातीक जरा त्रास होतलो."

मालवणात हे सगळं चालतं ते बहुतेक सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागच्या अंगाला. शिवाजी महाराजांनी १६६४ च्या नोव्हेंबरात ज्या कुरटे बेटावर या किल्ल्याची पायाभरणी केली, त्याच्या आजूबाजूचे खडक पाण्याखाली दूरवर पसरले आहेत आणि त्यांच्यावर प्रवाळ वाढतं. हा सगळा टापू, २९.१२ चौरस किलोमीटरचा, १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. मासेमारीवर गदा येईल म्हणून गावकऱ्यांनी तेव्हा त्याला कडाडून विरोध केला होता. आज त्याच कोळीवाड्यांतली मुलं पर्यटकांना या खडकांवर उतरवतात. हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात समुद्र कुणालाच आत घेत नाही. जवळच तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्था आहे आणि सरावासाठी खोल तलावही आहे.

पाण्यात जाण्याआधी एक फॉर्म भरावा लागतो. दमा, हृदयविकार, फिट येणं, अलीकडची शस्त्रक्रिया, कानाचे आजार, गर्भारपण अशी यादी असते. माझं आयुष्य बँकेत गेलं, त्यामुळे फॉर्म न वाचता सही करणारा माणूस दिसला की माझा हात आपोआप थांबतो. शेजारच्या टेबलावर एक एजंट "सगळ्याला नाही लिहा, पुढची बोट सुटेल" असं सांगत सह्या गोळा करत होता. आमच्या प्रशिक्षक मुलाने मात्र प्रत्येक ओळ वाचून घेतली, वर मला दोनदा विचारलं की सर्दी आहे का, कालपासून नाक चोंदलंय का. एवढ्यावरून तो मला आवडला. पहिल्यांदा जाणाऱ्याने बोटीचा रंग आणि व्हिडिओचं पॅकेज बघण्यापेक्षा हे बघावं, की तुमच्या सर्दीची चौकशी कोण करतंय.

सर्दीचा संबंध कानाशी आहे. कानाच्या पडद्यामागे हवेची एक छोटी पोकळी असते आणि ती घशाशी एका बारीक नळीने जोडलेली असते. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. बाहेरचा दाब वाढला, पण पडद्यामागची हवा तेवढीच राहिली की पडदा आत ढकलला जातो आणि कान ठणकू लागतो. उपाय म्हणजे नाक चिमटीत धरायचं, तोंड मिटायचं आणि हलकेच फुंकर मारायची. घशातली हवा नळीतून कानात शिरते, 'पट्' असा आवाज होतो आणि दुखणं जागच्या जागी थांबतं. ही युक्ती अँटोनियो वाल्साल्वा या सतराव्या-अठराव्या शतकातल्या इटालियन वैद्याच्या नावाने ओळखली जाते. सर्दीने नळी बुजलेली असली तर हवा पोचत नाही, आणि जोर लावला तर पडद्याला इजा होते.

आपल्याला वाटतं खोल गेल्यावर त्रास वाढत असेल. खरं तर उलट असतं. पृष्ठभागावरून दहा मीटर खाली जाताना हवेचं आकारमान थेट निम्मं होतं. पुढच्या दहा मीटरला निम्म्यावरून फक्त एकतृतीयांशावर येतं. म्हणजे सगळ्यात मोठा फरक पहिल्या काही मीटरांतच पडतो, जिथे नवखे लोक असतात. कान दुखायच्या आधीच फुंकर मारायची, दर हातभर उतरलं की मारायची, हे प्रशिक्षक पुन्हा पुन्हा का सांगतो ते यावरून कळतं.

सामान चढवताना पहिल्यांदा वजनाचा पट्टा येतो, शिशाचे ठोकळे ओवलेला. मग फुगवता येणारं जाकीट, त्याच्या पाठीला सिलिंडर. या सिलिंडरला सर्रास 'ऑक्सिजनची टाकी' म्हणतात, पण आत असते साधी, गाळून दाबलेली हवा, आपण आत्ता घेतोय तीच. नेहमीच्या सिलिंडरमध्ये ती सुमारे २०० बार दाबाने भरतात. मोटारीच्या टायरमध्ये दोन-अडीच बार असतो. त्यामुळे अकरा-बारा लिटरच्या नळकांड्यात दोन हजार लिटरहून अधिक हवा मावते. एवढ्या दाबाची हवा थेट तोंडात घेणं शक्य नाही. ते काम करतो रेग्युलेटर. तो हवेचा दाब दोन टप्प्यांत उतरवतो आणि आपण ओढू तेव्हाच, भोवतीच्या पाण्याच्या दाबाइतकीच हवा देतो. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये जाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी हे यंत्र जमवलं. गान्यां इंजिनिअर. युद्धात पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी गॅसवर चालवायचे, त्यासाठी त्याने बनवलेली झडप इथे कामाला आली.

पायात फिन्स दिले नाहीत. मी विचारलं तेव्हा उत्तर आलं, नवीन माणूस घाबरला की लाथा झाडतो, आणि लाथ बसते ती प्रवाळाला नाहीतर प्रशिक्षकाला.

मग खुणा. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला की सगळं ठीक. पंजा आडवा धरून हलवला की काहीतरी बिघडलंय, आणि लगेच बिघाडाच्या जागेकडे बोट दाखवायचं. अंगठा वर म्हणजे 'मस्त' नव्हे, 'वर चला'. यावर बोटीतल्या सगळ्यांचाच गोंधळ होतो. फोटोसाठी अंगठा वर करणाऱ्या एका तरुणाला त्याच्या प्रशिक्षकाने निमूटपणे वर आणून सोडलं, तेव्हा आम्ही हसलो. पण तो प्रशिक्षक बरोबरच वागला. खाली वाद घालता येत नाही. खूण दिसली की ती पाळायची.

शिडी उतरून दोराला धरून राहिले. मास्कच्या काचेला आतून थुंकी चोळून विसळली होती, धुकं धरू नये म्हणून. तोंडात रबराची चव. "आता तोंड पाण्यात घाला आणि नुसता श्वास घ्या," एवढीच सूचना. आणि इथेच कृष्णाकाठ आडवा आला. चेहरा पाण्यात गेला की गळा आपोआप बंद व्हायचा, छाती फुगून तशीच राहायची, हात पाणी कापायला लागायचे. प्रशिक्षकाने माझी दोन्ही मनगटं धरून छातीशी आणली. डोकं वर काढल्यावर म्हणाला, "काकी, हंय पोवचा नाय. हात बांधून ठेवा नि श्वास घेवा. आत घेवचो विचार करू नकात, भायर सोडूचो करा."

बाहेर सोडण्याचा विचार करा, हे सांगणं लाखमोलाचं निघालं. त्याचं कारण मला नंतर नीट कळलं. दम कोंडल्याची भावना येते ती हवा कमी पडल्यामुळे नव्हे, तर शरीरात साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. घाबरलेला माणूस भराभर, उथळ धापा टाकतो. जुनी हवा पुरती बाहेर पडत नाही, म्हणून कोंडल्यासारखं वाटतं, म्हणून आणखी घाई होते. सिलिंडर भरलेला असतानाही हवा संपल्यासारखं वाटायला लागतं. लांब उच्छ्वास टाकला की हे चक्र तुटतं. मी मनात आकडे मोजत सोडत राहिले. बुडबुडे कानाजवळून वर जायचे, त्यांच्या खळखळाटाशिवाय दुसरा आवाज नाही. हळूहळू गळा ढिला पडला.

पण श्वास रोखायचाच नाही, यामागे याहून गंभीर कारण आहे, आणि नदीत पोहणाऱ्यांनी ते मुळातून समजून घ्यावं. नदीत बुडी मारताना आपण वरची हवा छातीत भरून नेतो. खाली ती दबते, वर येताना पुन्हा मूळ आकाराची होते. हिशेब जमतो, म्हणून दम धरण्यात फुप्फुस फाटण्याचा धोका नसतो. स्कूबात आपण खालीच श्वास घेतो, त्या खोलीच्या दाबाची हवा. दहा मीटरवर छातीत पाच लिटर हवा भरली आणि गळा बंद ठेवून वर आलं, तर तिला दहा लिटर जागा हवी असते. फुप्फुस तेवढं ताणत नाही, फाटतं. पुरुषभर पाण्यातही हे होऊ शकतं. गळा उघडा असला तर जास्तीची हवा आपोआप निघून जाते. म्हणून घाबरून वर झेप घेणं, जे नदीत आपल्याला वाचवतं, तेच इथे सगळ्यात वाईट. आणि म्हणूनच पहिल्या वेळी प्रशिक्षकाचा हात सिलिंडरवरून सुटत नाही. त्याने मला बुडण्यापासून तर राखलंच, पण खरी राखण होती ती माझ्या वर पळण्यापासून.

दोर धरून उतरत सहा-सात मीटरवर तळ लागला. पाणी अंदमानसारखं निळंशार असेल अशी अपेक्षा ठेवून मालवणला जाऊ नये. पाच-सहा मीटरपलीकडे सगळं हिरवट धुक्यात विरत होतं. पण तेवढ्यात पुष्कळ होतं. पिवळ्या पाठीचे, अंगावर काळे उभे पट्टे असलेले बोटभर मासे थेट काचेपर्यंत यायचे. पाण्यात मास्कमधून वस्तू एकतृतीयांशाने मोठ्या आणि जवळ दिसतात, त्यामुळे मी हात पुढे केला की तो अलीकडेच पडायचा. मनगटावरचा लाल दोरा बघितला तर तो काळपट, तपकिरी. लाल रंग पाणी सगळ्यात आधी गिळतं. एका कपारीत गोब्रा मासा तोंड उघडं टाकून बसला होता आणि आम्ही सरकलो तरी हलला नाही. प्रवाळाचे मळकट पिवळे घुमट होते, कुणी सांगितलं नाही तर दगडच वाटावेत असे. जवळून बघितल्यावर त्यांच्या पृष्ठभागावर सारख्या आकाराच्या बारीक वाट्या दिसतात. एकेका वाटीत एकेक जीव. आपल्याकडच्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कठीण प्रवाळांना वाघाच्याच पहिल्या अनुसूचीत जागा आहे. त्यांना हात लावणं तर सोडाच, टेकायचंही नसतं.

इथे गंमत कळली ती श्वासाची. खोल श्वास घेतला की अंग क्षणभराने वीतभर वर उचललं जायचं, सोडला की खाली. हात-पाय न हलवता. माझा श्वास हाच माझा जिना झाला होता. पोहण्याने शरीर पाण्यावर हुकूम चालवतं. इथे हुकूम चालतच नाही.

एक गोष्ट मात्र खटकली. शेजारच्या बोटीचा एक जण प्लॅस्टिकच्या बाटलीतून भिजवलेला पाव सोडत होता, पर्यटकाभोवती मासे गोळा व्हावेत आणि व्हिडिओ भरगच्च यावा म्हणून. मासे येतात, हे खरं. पण खडकावरचं शेवाळ खाऊन प्रवाळाला जागा मोकळी ठेवणं हे त्यातल्या कित्येकांचं काम. त्यांना पावाची सवय लावून अभयारण्य कसलं राखणार? व्हिडिओत चार मासे कमी आले तरी चालतील, असं आपणच आधी सांगितलं तर बरेच जण पाव काढत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

वर येणं सावकाश, आपल्या लहानात लहान बुडबुड्यापेक्षाही हळू. एवढ्या उथळ, थोड्या वेळाच्या डुबकीत रक्तात नायट्रोजन फारसा मुरत नाही, तरी त्यानंतर निदान बारा तास विमानात बसू नये असा जगभरचा दंडक आहे. चिपी किंवा मोपा विमानतळावरून परतीचं तिकीट असेल तर ते दुसऱ्या दिवसाचं काढावं. वर आल्यावर नाकातून थोडं पाणी गळतं, भूक सडकून लागते, आणि अंग गारठतं, कारण पाणी हवेच्या वीस-पंचवीसपट वेगाने उष्णता ओढून नेतं. टॉवेल आणि कोरडे कपडे बोटीतच हवेत.

मला आता पुढचा, प्रमाणपत्राचा कोर्स करायचा आहे. त्यात अठरा मीटरपर्यंत जाता येतं, आणि तिथे पोहण्याची परीक्षा असते: न थांबता दोनशे मीटर पोहायचं, दहा मिनिटं पाण्यावर तरंगायचं. कृष्णेत पोहलेल्याला ते काही जड नाही. जड आहे ते पाण्याखाली मास्क पूर्ण काढून, पुन्हा चढवून, नाकातून हवा सोडत आतलं पाणी बाहेर काढणं. त्याचा सराव सध्या घरी बादलीत चालू आहे, आणि नातवाला त्यात माझ्यापेक्षा जास्त रस आहे.