तलवार, प्रेम आणि सोंगाड्या

ऐतिहासिक कादंबरीचा आढावा म्हटला की 'स्वामी', 'श्रीमान योगी', 'छावा', 'पानिपत' ही नावं एका दमात घ्यायची आणि नमस्कार करून मोकळं व्हायचं, अशी रीत पडली आहे. या पुस्तकांबद्दल मला आदर आहे. पण माझं तुणतुणं जुनं आहे आणि याही अंकात तेच वाजणार आहे. आमच्या ऐतिहासिक कादंबरीत माणसं लढतात, प्रेम करतात, विरहात झुरतात, धारातीर्थी पडतात. हसत मात्र नाहीत. हसरी ऐतिहासिक प्रेमकथा मराठी कादंबरीला का साधली नाही, आणि ज्यांना साधली त्यांना आपण साहित्याच्या पंगतीत पान का मांडलं नाही, एवढंच मला विचारायचं आहे.

हळबे-रिसबुडांच्या अद्भुतरम्य कथा सोडून देऊ. आज त्या वाचवत नाहीत. गुंजीकरांचं 'मोचनगड' १८७१चं. तिथून हरिभाऊ आपटे. हरिभाऊंच्या 'वज्राघाता'शी आम्हा नगरकरांचं नातं आहे, कारण १५६५च्या लढाईत विजयनगरच्या रामरायाचं शिर आमच्याच हुसेन निजामशहानं उतरवलं. त्या लढाईमागे हरिभाऊंनी रामराजा आणि मेहेरजान यांची प्रीत उभी केली. कादंबरी मोठी आहे, पण सूर पहिल्यापासून शोकाचा. मग नाथमाधवांचं स्वराज्य आलं, हडपांची पेशवाई आली. वाचनालयांतल्या त्यांच्या कादंबऱ्यांच्या प्रतींना पुन्हापुन्हा बांधणी करावी लागे, यावरून त्यांची लोकप्रियता कळते. विनोदाच्या बाबतीत त्यांच्याविषयी याहून जास्त लिहिण्यासारखं नाही.

बरं, आपल्याकडे विनोदकारांचा दुष्काळ होता म्हणावं, तर तसंही नाही. चिं. वि. जोशींनी तर बडोदा संस्थानाच्या दप्तरखात्यात काम केलं. हाताशी जुने कागद, पण बोटं चिमणरावाकडे वळली. गडकऱ्यांनी मात्र धाडस केलं. 'राजसंन्यासा'त संभाजीराजांच्या शोकांतिकेच्या ऐन मध्यावर जिवाजी कलमदाने हा बोरूबहाद्दर आणून बसवला. नाटक अपुरं राहिलं, तरी जिवाजी पुरा उतरला आहे. त्याच नाटकातल्या संभाजीराजांच्या चित्रणावरून २०१७च्या जानेवारीत पुण्यातल्या बागेतून गडकऱ्यांचा पुतळा हटवला गेला. १९७२ साली रंगभूमीवर आलेल्या 'घाशीराम कोतवाल' नाटकाचे किती हाल झाले, ते सर्वांना ठाऊक आहे. इतिहासाच्या देवघरात हसणाऱ्याचं काय होतं, हे लेखकांना दिसतंच.

'इतिहास ही हसण्याची गोष्ट नाही,' असं एका विद्वानांनी मला भर सभेत ऐकवलं होतं. त्यांना जॉर्जेट हेयर ठाऊक नसावी. ही इंग्रज बाई १९७४ साली वारली. उभा जन्म तिनं रीजन्सी काळातल्या नायक-नायिकांची गोड भांडणं लिहिली, आणि त्याच हातानं 'ॲन इन्फेमस आर्मी'त वॉटर्लूची लढाई इतकी चोख उतरवली की लष्करी शिक्षणातही तिचा दाखला दिला गेला, असं सांगतात. वाचक तिच्याकडे का जातो? तिथला सरदार गळपट्टा बांधताना वैतागतो, नायिका त्याला चार शब्द सुनावते, आणि दोनशे वर्षांपूर्वीची ती माणसं एकदम शेजारची वाटू लागतात. पुतळ्यावर कुणी प्रेम करत नाही. फजिती झालेल्या माणसावर करतं.

हे आमच्या तमाशातल्या वगाला फार आधी कळलं होतं. आता माझ्या आवडीच्या गावात आलो आहे, तेव्हा जरा बैठक मारून बसतो. 'मोहना-बटाव' १८६५चा, म्हणजे 'मोचनगडा'हून जुना. पुढे पठ्ठे बापूरावांची 'मिठाराणी'. बापूरावांच्या फडाचा प्राण असलेली पवळा संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची. कांताबाई सातारकरांनी संगमनेर आपलं केलं आणि बाईमाणूस असून इतिहासातल्या पुरुषांच्या भूमिका गाजवल्या. २०२१ साली त्या गेल्या. आमच्या नगर जिल्ह्यातल्या जत्रांत राजा, राणी, प्रधान आणि सोंगाड्या या चौघांनी जी ऐतिहासिक प्रेमकथा उभी केली, तिची सर कापडी बांधणीच्या किती कादंबऱ्यांना येईल?

डोळ्यांपुढे आणा. लोखंडी खुर्चीवर शेला टाकला की सिंहासन झालं. राजा विचारतो, "हवालदार, खजिन्याची हालहवाल काय?" सोंगाड्या म्हणतो, "ठीक हाय सरकार. आत दोन उंदीर व्हते, त्येबी परवा उपाशी मरायच्या भ्यानं गाव सोडून गेले." तंबू हसून खाली येतो. मग राणीचं प्रेमपत्र त्याच्याच हाती पडतं. तो ते उलटं धरून वाचतो, लढाईचा खलिता समजतो, आणि सैन्य जमवून राणीच्या महालावर चाल करून जातो. आणि पहाटेच्या सुमाराला तोच सोंगाड्या राजाच्या प्रेताशी मुकाट बसला की माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याची बिडी हातातच विझायची. रात्रभर हसवलेलं असल्यामुळे ते मरण लागायचं.

संगमनेरचाच शाहीर अनंत फंदी. अहिल्याबाई होळकरांनी समजावल्यावर त्यानं तमाशा सोडला आणि कीर्तन धरलं, अशी आख्यायिका आहे. चौंडीच्या त्या थोर लेकीला दंडवत घालून सांगतो, तो दिवस मराठी विनोदाला महागात पडला.

आणि मालमसाल्याची उणीव म्हणाल, तर नगरात तो ढिगानं पडला आहे. मुर्तजा निजामशहाला लोक 'दिवाणा'च म्हणत. फराहबागेतला महाल बांधून झाल्यावर पसंत पडला नाही, म्हणून त्यानं तो पाडायला लावून पुन्हा बांधवला. सलाबतखानाची कबर आम्ही आजही खुशाल चांदबिबीचा महाल म्हणून पाहुण्यांना दाखवतो. पण या सगळ्यावर कडी करतं ते जामखेड तालुक्यातलं खर्डं. तिथं मराठ्यांशी झालेल्या लढाईआधी निजामाच्या दरबारात नाना फडणविसांची सोंगं नाचवून खिदळणं झालं, असं सांगतात. मग ११ मार्च १७९५ उजाडला. रात्र पडली तशी तोफांच्या आवाजानं निजामाची बक्षी बेगम घाबरली. मला इथून हलवा, नाहीतर पडद्याबाहेर येऊन सगळ्यांना तोंड दाखवीन, अशी तिनं धमकी दिली, आणि निजाम अली फौजेसकट खर्ड्याच्या चिमुकल्या गढीत जाऊन कोंडला गेला. त्याच फौजेत लाल डगले घातलेल्या बायकांची जफर पलटणही होती. म्हातारा नबाब, हट्टी बेगम, बंदूकवाल्या बायका, बाहेर वेढा आणि आत पाण्याची मारामार! एखादा मराठी फौजेतला, पटवर्धनांकडचा तरणा शिलेदार आणि पलटणीतली एखादी शिपाईण एवढी दोनच माणसं पदरची घाला; बाकी सारं इतिहासानं तयार ठेवलं आहे.

ही कादंबरी आजवर माझ्या वाचनात आलेली नाही. हल्ली नव्या ऐतिहासिक कादंबऱ्या येतात त्या पोथीएवढ्या जाड, मुखपृष्ठावर उगारलेली तलवार आणि आत पानोपानी उद्गारचिन्हं. वगाची गतही बरी नाही. फडात आता सिनेमाच्या गाण्यांची फर्माईश होते आणि वग सुरू व्हायच्या आत तंबू निम्मा रिकामा होतो. भावना दुखावतील म्हणून प्रकाशक दचकतात, हे मान्य. पण बक्षी बेगमच्या भावना दुखावून आता मोर्चा कोण काढणार?

तेव्हा तरुण लेखकांना विनंती की जामखेडहून खर्ड्याची एसटी धरा. सुलतानजी निंबाळकरांचा तो किल्ला अजून उभा आहे. तटावर चढा, आतल्या जागेचा अंदाज घ्या, एवढ्याशा ठिकाणी केवढा दरबार कोंबला होता ते बघा, आणि लिहायला बसा. हस्तलिखित माझ्याकडे पाठवलंत तर मी ते वाचेन, आणि हसू आलं तर प्रस्तावनाही लिहीन.