चर्चगेटचे बँड आणि टेबलावरची दोघे

मुंबईच्या हॉटेलांत जेवताना बँड ऐकण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुजली. 1903 मध्ये सुरू झालेले ताजमहाल हॉटेल हे तिचे मोठे केंद्र. तिथल्या बॉलरूममध्ये 1935 साली अमेरिकेतील कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक लिऑन अ‍ॅबी यांनी आपला जाझ बँड आणला. पाठोपाठ ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. समोर बसणारे लोक मात्र मोजकेच होते: गोरे अधिकारी, संस्थानिक, धनाढ्य पारशी कुटुंबे. तरुण-तरुणीने चारचौघांत एका टेबलावर बसावे, हातात हात घेऊन नाचावे, ही गोष्ट तेव्हाच्या गिरगाव-दादरच्या मध्यमवर्गाला कल्पनेतही मानवणारी नव्हती.

अमेरिकन वादकांच्या शेजारी बसून, आणि ते गेल्यावर त्यांच्या जागी, वाजवले ते प्रामुख्याने गोव्याच्या वादकांनी. पोर्तुगीज राजवटीत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. गावात पोट भरण्याजोगे काम नसे, म्हणून ही मुले मुंबई गाठत आणि धोबीतलाव परिसरात आपापल्या गावाच्या ‘कुडां’मध्ये, म्हणजे सामायिक निवासांत, राहत. नोटेशन समोर ठेवले की पाहता पाहता वाजवणारा माणूस हॉटेलमालकांना हवाच होता. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ हे त्यांतले ठळक नाव. ट्रम्पेटवरच्या हुकमतीमुळे ‘हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हणून गाजलेले ‘चिक चॉकलेट’ ते हेच.

स्वातंत्र्यानंतर या संगीताचा पत्ता आणि गिऱ्हाईक दोन्ही बदलले. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मद्य परवानाधारकांपुरते उरले. माणसाला दोन तास खुर्चीवर धरून ठेवण्याचे काम मग बऱ्याच अंशी संगीतावर आले. चर्चगेट स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या वीर नरिमन रस्त्यावर आणि आसपास, गेलॉर्ड (1956), अ‍ॅम्बेसेडर, रिट्झ, अ‍ॅस्टोरियातले व्हेनिस अशी ठिकाणे गजबजली. रविवारी दिवसाउजेडी ‘जॅम सेशन’ भरत. कोल्ड कॉफीच्या एका ग्लासावर कॉलेजची मुले-मुली तिथे तासन् तास बसू शकत. घरी सांगायला सोपी वेळ आणि खिशाला परवडणारा खर्च, यामुळे ही सत्रे तरुणांना जवळची वाटली.

वादकांचे कसब गाण्यांच्या क्रमात होते. आधी दोन-तीन उडत्या चालीचे तुकडे वाजत. त्यावर सगळे घोळक्याने नाचत आणि संकोच जाई. मग ड्रमवाला काठ्या बाजूला ठेवून ब्रश हाती घेई, सॅक्सोफोन खालच्या पट्टीत उतरे आणि संथ फॉक्सट्रॉट सुरू होई. घोळका पांगून जोड्या उरत. कुणाला विचारायचे धाडस व्हायचे ते याच क्षणी. बँडमास्टरला समोरच्या गर्दीची नाडी कळत असे. ही संथ धून किती लांबवायची हे तो टेबलांकडे पाहून ठरवी. जे नाचत नसत त्यांनाही या सुरांचा आधार होता. चाळीतल्या खोलीत सहा-सात माणसे राहत असताना दोघांना बोलायला जागा नव्हती. बँडच्या आवाजाआड शेजारच्या टेबलाला ऐकू न जाता बोलता येई, आणि बोलणे अडले तर शांतता अवघडत नसे.

संथ संगीताचा व्यवसायाला होणारा फायदा पुढे मोजलाही गेला. अमेरिकेत संशोधक रोनाल्ड मिलिमन यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात संथ संगीत चालू असताना ग्राहक सरासरी 56 मिनिटे बसले, द्रुत असताना 45. जेवणाचे बिल जवळपास तेवढेच राहिले. पेयांवरचा खर्च मात्र वाढला.

ज्यांना चर्चगेटही परवडत नव्हते त्यांच्यासाठी इराण्याचे हॉटेल होते. अर्ध्या दरवाजाची ‘फॅमिली रूम’, ब्रुन-मस्का, पानीकम चहा आणि काही ठिकाणी ज्यूकबॉक्स. नाणे टाकायचे, अक्षर आणि आकडा दाबायचा. काचेआड यंत्राचा हात तबकड्यांच्या रांगेतून नेमकी तबकडी उचलून फिरत्या चकतीवर ठेवी. समोरच्या टेबलावरच्या मुलीला जे सांगण्याची छाती नसे, ते गाणे निवडून सांगता येई. मुंबईतल्या प्रेमाच्या इतिहासात या यंत्राचा वाटा बॉलरूमपेक्षा मोठा मानायला हवा, कारण ते सामान्य माणसाच्या आवाक्यातले होते.

बँडमधले वादक दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला जात, त्यामुळे हॉटेलातले सूर थेट पडद्यावर पोचले. पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र यांना चिक चॉकलेट यांची साथ होती. ‘अलबेला’त (1951) त्या जोडीचे जाझ घराघरांत गेले. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांची वाद्यरचना सांभाळली. जयकिशन स्वतः गेलॉर्डचे नेहमीचे गिऱ्हाईक होते. ‘तिसरी मंझिल’मध्ये (1966) तर नायकच हॉटेलातला ड्रमवादक आहे. कोकणी संगीतालाही याच टेबलांमधून नवा आवाज मिळाला: वादक ख्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना यांनी मुंबईच्या हॉटेलांत गात-वाजवत कोकणी गाणे जाझच्या अंगाने उभे केले. त्यांच्या आयुष्यावरून प्रेरित ‘नाचूं-या कुंपासार’ हा कोकणी चित्रपट या वादकांना वाहिलेली चांगली आदरांजली आहे.

सत्तरच्या दशकात डिस्कोथेक आले. बारा माणसांच्या बँडचे काम एक माणूस तबकड्या बदलून करू लागला, पुढे कॅसेटने तोही खर्च वाचवला. ऐंशीच्या दशकात मोठ्या हॉटेलांत गझलेने संथ फॉक्सट्रॉटची जागा काही काळ घेतली. आता बहुतेक ठिकाणी ध्वनिमुद्रित संगीतच वाजते.

हॉटेलांच्या बँडमधले बहुतेक वादक अनामिक राहिले. चित्रपटांच्या श्रेयनामावलीतही त्यांना जागा क्वचितच मिळाली. नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या पुस्तकाने त्यांतल्या अनेकांना इंग्रजीत नाव मिळवून दिले. चित्रसंगीतावर मराठीत लिहिणाऱ्यांनी संगीतकार आणि गायकांइतकीच जागा या वादकांना द्यायला हवी.