रंगीत रोल आणि सव्वातीन मिनिटं

रंगीत फिल्म घरी धुतली की रंग कसे येतील ते नशिबावर, हे वाक्य नाशिकच्या हौशी छायाचित्रकारांकडून इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर देणं भाग आहे. कुणाचं आकाश हिरवट, कुणाच्या गालांवर जांभळी झाक. कारण विचारावं तर ‘फिल्म आहे, असंच होतं.’ वर दाखला दादासाहेब फाळक्यांचा: त्र्यंबकेश्वरचा हा माणूस घरात रिळं धुवत होता, मग आपल्याला अंदाजाने का जमू नये?

फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची फिल्म दादरच्या घरात धुतली गेली आणि त्या कामात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचा मोठा वाटा होता, हे खरंच आहे. पण ती १९१३ सालची कृष्णधवल फिल्म होती. त्या काळच्या फिल्मवर तांबड्या उजेडाचा परिणाम होत नसे. त्यामुळे लाल दिव्याखाली प्रतिमा उमटताना डोळ्यांनी बघता यायची आणि पुरेशी उमटली की थांबता यायचं. द्रावण गार असलं तर वेळ वाढवायची, एवढंच. तिथे अंदाज हे कसब होतं. शिवाय फाळके तीनरंगी छपाईचं तंत्र शिकायला १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले होते. रंगाच्या बाबतीतल्या आपल्या ढिलाईला त्यांचं नाव देणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

रंगीत निगेटिव्हचं गणितच वेगळं. कोडॅकने १९७२ मध्ये आणलेली सी-४१ पद्धत आजही चालते. फिल्मवर मुख्य थर तीन: वर निळ्या प्रकाशाचा, मध्ये हिरव्याचा, तळाशी लाल प्रकाशाचा. प्रतिमा उमटवणारा डेव्हलपर वरून झिरपत तळाशी पोचतो. तिन्ही थर एकाच वेळी हव्या त्या घनतेला यावेत, यासाठी सगळी आखणी ३७.८ अंश सेल्सिअस आणि ३ मिनिटं १५ सेकंदांवर बेतलेली आहे. कोडॅकच्या झेड-१३१ या पुस्तिकेत डेव्हलपरच्या तापमानाला सूट किती? ०.१५ अंश. ‘कोमट असलं की झालं’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा दोनदा वाचावा.

आता जानेवारीतली नाशिकची सकाळ घ्या. डेव्हलपर बरोबर ३७.८ अंशांवर आणला, पण फिल्म धुण्याची टाकी आणि आतलं रीळ रात्रभर गार फरशीवर पडलेलं. ओतल्या क्षणी प्लॅस्टिक उष्णता ओढून घेतं आणि द्रावण दोन-तीन अंशांनी उतरतं. थर्मामीटर मात्र बाटलीतच, त्याला पत्ताच नाही. थरांचा मेळ तिथे बिघडतो: सावल्यांत एक छटा, उजेडात दुसरी. हा दोष संगणकावर एक पट्टी सरकवून जात नाही. उपाय साधा आहे. बादलीत ३८-३९ अंशांचं पाणी घ्यायचं, बंद टाकी त्यात दहा मिनिटं बुडवून ठेवायची, आणि मापायचं ते टाकीतल्या द्रावणाचं तापमान. ओतण्या-काढण्यात १५ सेकंद इकडेतिकडे झाले तर तोही जवळजवळ आठ टक्क्यांचा फरक; प्रत्येक रोलला सारख्याच पद्धतीने ओता.

घरी फिल्म धुण्याच्या काही किटवर कमी तापमानाच्या वेळाही छापलेल्या असतात. चित्र येतं, पण थरांचा समतोल तसाच राहील याची खात्री नाही.

आणि कित्येकदा टाकीला उगाच दोष मिळतो. निगेटिव्हच्या नारिंगी तळातून खरे रंग काढताना स्कॅनरचं सॉफ्टवेअर स्वतःच अंदाज बांधतं. एकच फ्रेम दोन सॉफ्टवेअरमधून दोन रंगांची निघते. त्याच फिल्मचा लॅबमध्ये धुतलेला रोल शेजारी धरा, तळाचा रंग आणि कडेच्या अक्षरांची घनता ताडून बघा. जुळली तर धुण्यात खोट नाही, स्कॅनिंग तपासा.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. डार्करूम लागत नाही. रोल टाकीत भरायला उजेड न शिरणारी चेंजिंग बॅग पुरते. लाल दिवा मात्र चालत नाही, रंगीत फिल्मला संपूर्ण अंधारच हवा. डेव्हलपरनंतरच्या ब्लीच आणि फिक्सरची वेळ थोडी वाढली तर बिघडत नाही, कमी पडली तर बिघडतं. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी ‘आपोआप बरोबर’ नसतं, दुपारी ते ४१ अंशांच्या वरही जाऊ शकतं. धुवायलासुद्धा मोजूनच घ्या. बोअरच्या जड पाण्याने वाळताना डाग पडतात, म्हणून शेवटचं द्रावण डिस्टिल्ड पाण्यात करा. अर्धी रिकामी बाटली हवेने डेव्हलपर खराब करते. तो तपकिरी पडला तर टाकून द्या. सिनेमाची काळ्या रेमजेट थराची फिल्म सी-४१ मध्ये तशीच टाकू नका, तो थर आधी काढावा लागतो, नाहीतर काजळी सगळ्या द्रावणांत उतरते. डेव्हलपर हातमोज्यांशिवाय हाताळू नका, त्याची त्वचेला ॲलर्जी होते आणि एकदा झाली की पुन्हापुन्हा उफाळते. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी असते. तो मोरीत ओतू नका, कॅनमध्ये साठवून चांदी काढणाऱ्याला द्या.