नवी सायकल, दुखरी बैठक

मित्रांनो, घरात नवी सायकल आली की पहिले दोन दिवस काय मजा असते, नाही? आईनं ‘दुकानात जाऊन ये’ म्हणायची खोटी, की स्वारी सायकलवर! ‘आई, कोथिंबीर संपली का गं?’ असं आपणच दहादा विचारतो. तिसऱ्या दिवशी मात्र वर्गात बाकावर टेकताना तोंडातून हळूच ‘आई गं!’ निघतं. चौथ्या दिवशी ‘आज पायीच जातो’ म्हणून सायकल जिन्याखाली उभी राहते. का, ते कुणालाच सांगितलं जात नाही. सांगणार तरी कसं? दुखतंय ते नेमकं बसायच्या जागी!

घरच्यांना वाटतं, झालं, हौस फिटली. पण हौस तशीच असते. अडचण असते ती सीटची, आणि ती बहुतेक वेळा घरच्या घरी दूर होते. अट एकच : कुठे दुखतं आणि कसं दुखतं, हे मोकळेपणानं सांगायचं.

शर्यतवीरांनाही सुटका नाही

लाज वाटत असेल, तर ही हकिगत ऐका. फ्रान्समध्ये ‘टूर द फ्रान्स’ नावाची जगप्रसिद्ध सायकल शर्यत होते. लॉरां फिन्यों या फ्रेंच सायकलपटूनं ती १९८३ आणि १९८४ साली जिंकली होती. १९८९ साली तो पुन्हा सगळ्यांच्या पुढे होता. शेवटच्या दिवशी व्हर्साय ते पॅरिस असं फक्त २४.५ किलोमीटर अंतर उरलं होतं आणि अमेरिकेच्या ग्रेग लेमंडवर त्याची ५० सेकंदांची आघाडी होती. पण शेवटच्या काही दिवसांत सीटच्या घर्षणानं फिन्योंला जखम झाली होती. सीटवर बसणंही त्याला जड जात होतं. त्या दिवशी लेमंडनं त्याला गाठलं. तीन हजार किलोमीटरहून मोठी ती शर्यत फिन्यों अवघ्या ८ सेकंदांनी हरला! लेमंडच्या सायकलला वारा कापायला मदत करणारं खास हँडल होतं, तेही त्याच्या विजयाचं एक कारण. तरी त्या जखमेची चर्चा आजही होते. एवढ्या मोठ्या खेळाडूला जे झालं, ते आपल्याला झालं तर त्यात लाजायचं काय?

पण दुखतं तरी का?

एक छोटा प्रयोग करा. लाकडी स्टुलावर बसा आणि दोन्ही तळहात सरळ करून मांडीमागे, बैठकीखाली सरकवा. हाताला दोन टणक उंचवटे टोचतील. ही आपली बसायची हाडं. खुर्चीवर आपलं वजन नितंब आणि मांड्या मिळून पेलतात. सायकलच्या सीटवर जागा इवलीशी, त्यामुळे बराचसा भार या दोन हाडांवर येतो. त्यांच्यावरच्या स्नायूंना आणि कातडीला अशा भाराची सवय नसते, म्हणून ते कुरकुरतात.

‘मग गुबगुबीत सीट बसवू या की!’ असं कुणीही म्हणेल. थोड्या अंतराला ती बरी वाटते. पण लांब जायचं असेल तर गंमत होते. मऊ फोममध्ये हाडं रुततात आणि मधला भाग वर उचलला जाऊन नाजूक जागी दाबतो. म्हणून लांब पल्ल्याचे सायकलस्वार जराशी कडक, पण आपल्या हाडांच्या रुंदीची सीट निवडतात. आजोबांच्या काळ्या सायकलची सीट रुंद आणि स्प्रिंगांची होती, कारण तिच्यावर ताठ बसावं लागे आणि सगळं वजन मागे येई. पुढे वाकून चालवायच्या सायकलला अरुंद सीट चालते, कारण काही भार हातांवर जातो.

तीन दुखणी, तीन उपाय

पहिलं दुखणं म्हणजे हाडांखाली ठसठस. हे नवखेपणाचं. पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड पंधरा-वीस मिनिटंच सायकल चालवा, मग हळूहळू वेळ वाढवा. साधारण दोन-तीन आठवड्यांत अंग सरावतं. चालवताना रस्ता मोकळा पाहून अधूनमधून पायडलवर उभं राहा, म्हणजे बैठकीला विसावा मिळतो. खड्डा किंवा गतिरोधक दिसला की वेग कमी करा आणि सीटवरून किंचित उठा. धक्का गुडघ्यांना झेलू द्या.

दुसरं दुखणं म्हणजे कातडीची आग होणं. हे घर्षणाचं. घाम, ओले कपडे आणि जाड शिवण एकत्र आली की कातडी सोलवटते. जीन्स घालून लांब जाऊ नका. तिची मधली शिवण नेमकी नको तिथे येते. सुती, स्वच्छ, कोरडे आणि अंगाबरोबर बसणारे कपडे बरे. सायकलस्वारांची अस्तर लावलेली चड्डी मिळते. ती घातली तर आत दुसरी चड्डी घालायची नाही, नाहीतर शिवण पुन्हा टोचणारच! घरी आलात की त्याच घामट कपड्यांत टीव्हीसमोर बसू नका. आंघोळ करा, अंग नीट कोरडं करा आणि कपडे बदला. जिथे घासतं तिथे आधी थोडं व्हॅसलिन लावलं तरी बराच फरक पडतो. सोलवटलं असेल तर ते बरं होईपर्यंत सायकलला सुट्टी. गळू आलं तर ते फोडायचं नाही. लाली पसरली, पू झाला किंवा ताप आला तर सरळ डॉक्टरकडे.

तिसरं दुखणं म्हणजे मुंग्या येणं किंवा जागा बधिर होणं. हे मात्र ‘होईल सवय’ म्हणून सोडून द्यायचं नाही. नाजूक जागेतल्या नसा दाबल्या जात असल्याची ती खूण आहे. लगेच खाली उतरा आणि सीट तपासा. सीट बदलूनही मुंग्या येत राहिल्या तर आई-बाबांना सांगून डॉक्टरांना विचारा.

सीट कशी लावायची?

सायकल भिंतीशी उभी करा आणि कुणाला तरी हँडल धरायला सांगा. सीटवर बसून एक पायडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला, तर उंची बरोबर. चालवताना पायाचा पुढचा भाग पायडलवर येतो, तेव्हा गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीट फार उंच असेल तर पायडल गाठायला कंबर डावी-उजवीकडे झुलते आणि कातडी घासते. फार खाली असेल तर पायांना जोर लावता येत नाही आणि सगळं वजन सीटवरच बसतं.

आता सीटवर एक लांब पट्टी ठेवून पाहा. ती जमिनीला समांतर हवी. सीटचं नाक वर असेल तर ते टोचतं, खाली असेल तर आपण पुढे घसरतो आणि मनगटं दुखतात. सीटच्या दांड्यावर एक खूण असते. ती नळीबाहेर दिसेल इतकी सीट कधीही वर घेऊ नका. शेवटी पान्यानं नट घट्ट आवळा. ज्यांना अजून तोल सांभाळता येत नाही, त्यांनी मात्र दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकीच उंची ठेवावी. टाचेचा प्रयोग तोल जमल्यावर.

आई-बाबांसाठी दोन शब्द

‘वाढतं अंग आहे, दोन-तीन वर्षं पुरली पाहिजे,’ म्हणून शाळेचा गणवेश आपण एक माप मोठा घेतो. बाही दुमडली की भागतं. सायकलची बाही दुमडता येत नाही! सायकलच्या मधल्या दांडीवर दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं राहिल्यावर मुलाचे दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत आणि दांडी व अंग यांत दोन-तीन बोटांचं अंतर उरलं पाहिजे. तेवढं नसेल तर सीट कितीही खाली केली तरी सायकल मोठीच. मुलं उंच होत असतात, म्हणून दर तीन-चार महिन्यांनी सीटही पुन्हा तपासायला हवी.

आणि सायकल जिन्याखाली दिसू लागली, तर रागवण्याआधी एकदा शांतपणे विचारा, ‘कुठे दुखतंय का रे?’ मुलीला आईनं किंवा ताईनं विचारलं तर ती जास्त मोकळेपणानं सांगेल.

तर मित्रांनो, येत्या रविवारी पाना, पट्टी आणि जुनं फडकं घेऊन सायकलपाशी बसा. दहा मिनिटांचं काम आहे. दुसऱ्या दिवशी एक चक्कर मारून पाहा. अजून कुठे टोचत असेल, तर बोटभर वर, बोटभर खाली करून पुन्हा पाहा. आपल्या मापाची सीट अशीच सापडते.