पहिलीची ‘मुलाखत’

मागच्या व्याख्यानानंतर एका आजोबांनी आम्हाला गाठलं. ‘नातू पहिलीत जातोय, मुलाखतीची तयारी काय करून घेऊ?’ आज तिथूनच सुरुवात करू.

मंडळी, मुलाखत घ्यायचीच नाही, असा कायदा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं तेरावं कलम बघा. प्रवेशासाठी चाळणी नाही, मुलाची नाही आणि आईबापांचीही नाही. अर्ज जास्त आले तर सोडत काढायची. चाळणी लावली तर पहिल्यांदा २५ हजारांपर्यंत दंड, पुढे दर वेळी ५० हजारांपर्यंत. देणगी घेतली तर घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत. वयाचा दाखला नाही म्हणूनही प्रवेश अडवता येत नाही, ते चौदाव्या कलमात. (अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना मात्र २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे हा कायदा लागू नाही.)

आता बघा, काय येतं ते पाहूनच मूल घ्यायचं, तर शाळेनं शिकवायचं काय? आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, पण हे कोडं काही आम्हाला सुटलं नाही.

मग तयारी कसली? शू-शीला लागली की बाईंना न लाजता सांगता येणं. चड्डीचं बटण स्वतः काढता-लावता येणं. आणि डबा! झाकण उघडत नाही म्हणून मूल उपाशी राहतं आणि घरी आपण म्हणतो, ‘खाल्लं का नाहीस?’ जूनच्या आधी चार दिवस घरीच त्याला डब्यातून जेवू द्या, मदत न करता. झाकण निघत नसेल तर डबा बदला.